हाडं पुसायचं काम

"हाडं पुसायला बाई? जा गं, बेकरीत विचार," कासिमिरो म्हणाला आणि कबरस्तानाचं फाटक लोटू लागला.

रेमिहियानं फाटक धरून ठेवलं. "बेकरीत रांग लागलीय, काका. इथे कोण आहे?"

खरंच कुणी नव्हतं. गावाची रीत जुनी: मेलेल्या माणसाला तीन वर्षांनी थडग्यातून बाहेर काढायचं, हाडं ब्रशनं पुसायची, भरतकामाच्या रुमालात गुंडाळून पेटीत ठेवायची. काम घरच्यांचं. पण घरचे आता मेरिदाला नाहीतर कानकूनला नोकऱ्या करत होते. त्यांच्या वतीनं म्हातारा कासिमिरो एकटाच पुसायचा, आणि हल्ली त्याचे हात थरथरत.

"शहरातली माणसं पैसे मोजतील, बघा तुम्ही. या धंद्याकडे कुणाचं लक्षच नाही."

"माझ्या पुतण्याचं आहे की! उद्यापासून येतोय तो."

उद्यापासून! रेमिहियाचं अवसानच गळालं. नवरा एव्हारिस्तो तीन वर्षांपूर्वी कमवायला म्हणून उत्तरेला गेला तो गेलाच. ना पैसा, ना निरोप. सारं गाव तिची कीव करायचं. आता हे कामही हातचं गेलं तर ती संपलीच. ती सरळ धुळीत गुडघ्यांवर बसली.

"या वर्षी फुकट करते, काका. पण आजच सुरू करू द्या. पाया पडते तुमच्या."

"फुकट? मग खाशील काय, माती?" म्हातारा हसला. "बरं, सुरुवात कुणापासून?"

"फेलिपा आजीपासून. तिची तीन वर्षं भरलीत."

कासिमिरोचं हसू थांबलं. बराच वेळ तो तिच्या भुवईवरच्या जुन्या व्रणाकडे बघत राहिला.

"नवरा गेल्यापासून तुझा डोळा कधी सुजलेला दिसला नाही," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या हातात ब्रश दिला आणि दोन पेट्या पुढे सरकवल्या.

"आजीला एकच लागेल ना?"

"असू दे. ने."

त्यानं फाटकाला आतून कडी घातली आणि तिच्याकडे पाठ करून बसला.

रेमिहियानं थडग्याचं झाकण सरकवलं. फेलिपा आजीला तिनं मायेनं पुसलं, रुमालात गुंडाळलं, पेटीत ठेवलं. मग दुसरी पेटी जवळ ओढली आणि खाली वाकून उत्तरेला गेलेल्या नवऱ्याचे बूट बाहेर काढले.