मघाचे पाच शब्द

"पेरू," श्यामसुंदर म्हणाले आणि अडकले.

डॉक्टर मंदाकिनीबाईंनी मघाशी पाच शब्द सांगून लक्षात ठेवायला लावले होते. आतापर्यंत तीन आले होते. खुर्चीमागे उभ्या असलेल्या तनयाने केयूरला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. तिला सासऱ्यांचा राग आला होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती. सोमवारी हडपसरच्या ऑफिसात रुजू व्हायचं, नवरा अमेरिकेत प्रोजेक्टवर, आणि हे एवढंसं लेकरू आजी-आजोबांच्या हवाली. महिन्याभरात दोनदा गॅस चालू राहिला होता. बाळाला तापाचं औषध लागोपाठ दोनदा गेलं होतं. दर वेळी बाबा मान खाली घालून म्हणायचे, "माझंच चुकलं. वय झालं आता." रजा वाढवून मिळणार नव्हती, तिने विचारून पाहिलं होतं.

"एक फूल होतं बघा," डॉक्टरांनी सुचवलं.

"झेंडू. आणि हो, देऊळ."

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, काकांना काही झालेलं नाही. कपाट जुनं झालं की खण अडकतो, जरा हिसका दिला की उघडतो, आतलं सगळं जागच्या जागी असतं. हे वयाचं. डिमेन्शियात खणच रिकामा होत जातो, मग कितीही सुचवा.

"मग गॅस? औषध?" तनयाचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा चढला. बाळ दचकलं.

श्यामसुंदर चष्मा पुसत राहिले.

"ह्यांना काय विचारता," शेजारच्या खुर्चीतून वासंतीबाई म्हणाल्या. "लग्न झालंय हेसुद्धा ह्यांना मी आठवण करून दिली की कळतं." डॉक्टर खळखळून हसल्या. सासूबाईंची जीभ सगळ्या सोसायटीत प्रसिद्ध होती. त्यांनी हात पुढे केले, तसं बाळ त्यांच्याकडे झेपावलं आणि मंगळसूत्र मुठीत धरून मांडीवर बसलं.

"गोड आहे हो नातू. नाव काय, काकू?"

"का? शाळेत घालताय?"

तनया सवयीने हसली. या वेळी डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा, अगदी सावकाश, तेच विचारलं.

वासंतीबाईंनी बाळाकडे पाहिलं. मग मान वळवून नवऱ्याकडे.

"केयूर," श्यामसुंदर म्हणाले. जराही न अडकता.

तनयाचं हसू ओठांवर तसंच राहिलं. औषध दिलंत का, असं तिने परवा विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "नाही, मीच प्यायले." काल वार विचारला, तर म्हणे, "भिंतीवरचं कॅलेंडर काय शोभेला लावलंय?" फोनवर नवऱ्याला ती हे रंगवून सांगायची, दोघं पोट धरून हसायची. उत्तर एकाही प्रश्नाचं मिळालं नव्हतं.

"बाबा, गॅस कोणी चालू ठेवला होता?"

"मीच."

"बाळाला दोनदा औषध गेलं होतं, बाबा."

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, काकू, आता तुम्हाला पाच शब्द सांगते हं.

श्यामसुंदरांनी वाकून त्या कागदावर आपला हात ठेवला.

"मघाचे शब्द," ते म्हणाले, "मला एकही आठवला नाही, असं लिहा ना, डॉक्टर."

"बघा. सांगत नव्हते मी?" बाळाला गुडघ्यावर झुलवत वासंतीबाई म्हणाल्या. "ह्यांच्या काही म्हणून लक्षात राहत नाही."