मिळून आला नाही

"तोच का?" हवालदाराने विचारलं.

समोर लाँड्रीच्या दाराला शिडी लावलेली होती. शिडीवर बरंच उंच एक माणूस पाठमोरा उभा राहून पाटीवर निळी अक्षरं काढत होता. डाव्या हातात रंगाचा डबा, उजव्या हातात ब्रश. खाली शिडी धरायला कोणी नव्हतं.

शेजारी उभी असलेली बाई शिडीकडे बघत राहिली.

"मावशी, तोच का तेवढं सांगा. मी काही त्याला कधी पाहिलेला नाही. तुम्ही ओळखल्याशिवाय मला हात लावता येत नाही."

"खाली उतरू द्या. मग सांगते."

हवालदाराने वॉरंटच्या कागदाने वारा घ्यायला सुरुवात केली. अकरा महिन्यांची पोटगी थकली होती. कोर्टाने ठरवून दिलेले पैसे तिच्या नवऱ्याने दोन महिने दिले, तिसऱ्या महिन्यात खोली बदलली, मग पुन्हा एकदा बदलली. वॉरंट तीनदा निघालं आणि तीनदा ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत गेलं. शेवटी बाईनेच त्याला शोधून काढलं. कोणाला विचारलं नाही. गावभर ताज्या रंगाच्या पाट्या बघत हिंडली. पंक्चरवाला, दातांचा दवाखाना, पिठाची गिरणी. वेलांटी संपवताना वर एक हलका झटका द्यायची त्याची सवय होती, आणि ती काही खोलीबरोबर बदलत नाही. गिरणीच्या पाटीला तिने बोट लावून पाहिलं, तर बोटाला रंग आला. तो जवळपासच होता.

"आम्हाला तीनदा सापडला नाही," हवालदार म्हणाला. "मावशी, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं."

ती हसली नाही.

"नावाने हाकच मारतो. नाव ऐकलं की मान वळतेच माणसाची."

"नको!" तिने त्याची बाही धरली. मग तिचं तिलाच कसंतरी वाटून सोडली. "दचकतात ते. एकदा असेच पडलेत."

वरून आवाज आला, "शेठ, ओळ सरळ येतेय ना?"

"एक नंबर!" लाँड्रीवाला म्हणाला. त्याने इस्त्रीवरून मानसुद्धा वर केली नव्हती.

ओळ सरळ नव्हती. उजवीकडे चांगली दोन बोटं उतरली होती. बावीस वर्षं हा प्रश्न तिला विचारला जायचा. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून, डोळे बारीक करून, कुठे चढलंय आणि कुठे उतरलंय ते सांगायचं, हे तिचं काम. आत्ताही ती नेमकी तेवढ्याच अंतरावर उभी होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. त्याचा आवाज जरा खाली आला. "मनात नसेल तर अजून वेळ गेलेली नाही. चौथ्यांदा तेच लिहून टाकतो. माझं काय जातंय?"

"तुम्ही चौथ्यांदा लिहाल हो. पण घरमालक काही चौथ्यांदा थांबायचा नाही."

वरचा माणूस उतरायला लागला. डावा गुडघा त्याला नीट वाकवता येत नव्हता. एकेक पायरी पायाने चाचपत, मध्येच थांबत, तो खाली येत होता. ती त्याच्या चपलांकडे बघत राहिली. दोन्ही चपला जमिनीला टेकल्या.

"हेच," ती म्हणाली.

हवालदार रस्ता ओलांडून गेला. त्या माणसाने ऐकून घेतलं. फडक्याला बोटं पुसली. पळाबिळायचं त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. खिसे उलटे करून दाखवले, तर निघाला एक रुमाल आणि पेन्सिलीचा तुकडा.

"सगळे पैसे भरलेस तर इथेच सोडतो. नाहीतर कोर्टात चल. साहेब महिनाभर आत पाठवतील."

"आत जाऊन फिटतं का?"

"नाही. बसायचं ते बसायचंच, आणि देणं आहे तिथेच."

"अहो, माझ्या पाटीचं काय?" लाँड्रीवाला इस्त्री उभी करून बाहेर आला. "नुसतं ‘ड्रायक्लीनिंग आणि लाँ’ वाचून गिऱ्हाईक येणार आहे का?"

तेवढ्यात बाई रस्ता ओलांडून लाँड्रीपाशी आली होती, आणि नवऱ्याने तिला पाहिलं होतं.

"हाक मारली असतीस, तर आलो असतो," तो म्हणाला.

"हाक मारली असती, तर पडला असतात."

हवालदाराने दंड धरायच्या आधीच तो कोपऱ्यावरच्या पोलिसांच्या गाडीकडे चालू लागला. गाडी वळून दिसेनाशी झाली.

लाँड्रीवाल्याने चिडून शिडीशी पडलेले ब्रश गोळा केले आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाला.

"टाकू नका," बाई म्हणाली. "वाळले की कडक होतात. मग काही उपयोग नाही त्यांचा."

तिने त्याच्या हातातून ब्रश घेतले आणि पायरीवर बसली. नवऱ्याची पिशवी तिथेच राहिली होती. टर्पेंटाइनची बाटली कुठल्या कप्प्यात असते, हे तिला शोधावं लागलं नाही. एका झाकणात थोडं ओतून ती ब्रशचे केस दोन बोटांत धरून पिळू लागली. निळा रंग सुटत राहिला.

लाँड्रीवाल्याने शिडी उचलून भिंतीला आडवी लावली.

"तुमचे कोण ते?" त्याने विचारलं.

"पोलिसांना मीच घेऊन आले," ती म्हणाली, आणि तिने दुसरा ब्रश हातात घेतला.