गॅलरीतली खूण

"आज कुठला वार गं?" गाडीत बसता बसता दादांनी विचारलं.

"बुधवार," चिमी म्हणाली. "कालही विचारलं होतंस."

"बरं, बुधवार." दादांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते उलटं करून मांडीवर ठेवलं.

ड्रायव्हरने आरशातून दोघांकडे पाहिलं आणि मुकाट्याने गाडी काढली. हा माणूस तोंडाचा घट्ट होता म्हणून बरं, नाहीतर एव्हाना गावभर बोभाटा झाला असता.

दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ. वय त्र्याऐंशी, सिनेटमधले, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातले, सगळ्यात जुने सदस्य. चिमी एकाहत्तरची, पण त्यांच्या लेखी अजून चिमीच. वहिनी गेल्यापासून घर तीच बघायची, आणि ऑफिस तर त्याच्याही आधीपासून. दादांची भाषणं टाइप केली तिने, भेटीगाठी लावल्या तिने, नको त्या माणसांना दारातूनच वाटेला लावलं तेही तिनेच. आता ह्या वयात त्यांचा विसरभोळेपणा झाकायची पाळी आली होती.

तीन वर्षांपूर्वी सुरुवात झाली. कपाटाच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या. मग एकदा दूध आटून भांडं काळंठिक्कर पडलं, खाली गॅस तसाच चालू. एकच पत्र एका मंत्र्याला तीनदा गेलं. चिमी फाडफाड बोलली की दादा निमूट ऐकून घ्यायचे आणि "चुकलं बाई माझं" म्हणायचे. सिनेटमध्ये भल्याभल्यांची बोलती बंद करणारा हा माणूस! त्याला असा गोगलगाय झालेला बघून तिला रडूच यायचं.

मग तिने खूण ठरवली. सिनेटमध्ये मतदानाला एकेकाचं नाव पुकारायचे आणि ज्याने त्याने उभं राहून 'होय' किंवा 'नाही' म्हणायचं, अशी जुनी पद्धत होती. चिमी वर गॅलरीत पहिल्या रांगेत बसायची. तिने चष्मा काढलेला असला तर होय, डोळ्यांवर असला तर नाही. दादा हसले होते. पण तेव्हापासून दर मतदानाला मान वर करून तिच्याकडे बघायचे खरे.

आजचं विधेयक मात्र त्यांच्याच मुळावर आलं होतं. ऐंशीच्या पुढच्या सदस्यांनी डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरी दाखला आणायचा, नाहीतर घरी बसायचं. दोन्हीकडची मतं जवळजवळ सारखी. दादांची मुदत संपायला एक वर्ष उरलं होतं. तेवढं निभावलं की मानाने बाहेर पडता आलं असतं. नाहीतर इतक्या वर्षांच्या नावाचं दोन दिवसांत हसं!

गेल्या आठवड्यात दादांनी स्वतःच डॉक्टरांना घरी बोलावलं, तेव्हाही तिची गाळण उडाली होती. डॉक्टर बसले, चहा प्यायले आणि दोन कोरे कागद काढून म्हणाले, "एक घड्याळ काढा बघू. अकरा वाजून दहा मिनिटं झालेली."

चिमी लगेच मध्ये पडली. दादांना तेवढाच नमुना मिळेल! "ह्यात काय मोठंसं? शाळेतल्या पोरीलाही येईल." तिने फटक्यात घड्याळ काढलं आणि खाली झोकात सही ठोकली. मग दादांनी काढलं. त्यांच्या कागदाकडे बघायची तिची छातीच झाली नाही. डॉक्टरांनी दोन्ही कागद फायलीत घातले आणि दादांना अंगणात नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाले रे?" तिने विचारलं.

"वय झालं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

गॅलरीच्या पायरीला आज ती ठेचकाळली. शिपायाने हात दिला. बसल्यावर तिने खाली पाहिलं, तर सगळे चेहरे धूसर. डोळ्यांत पाणी आलं असावं; भीतीच तशी होती. चष्म्याला हात लावायचा नाही, लावायचा नाही, असं ती मनात घोकत राहिली. हात मांडीखाली दाबून बसली.

दादांचं नाव पुकारलं. ते उभे राहिले. त्यांनी वर पाहिलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. 'नाही म्हण रे,' ती पुटपुटली. 'माझ्या राजा, नाही म्हण.'

"होय," दादा म्हणाले.

एका मताने विधेयक पास झालं.

गाडीत बसल्या बसल्या ती तुटून पडली. "दादा, मी चष्मा काढला नव्हता!"

"नव्हतास काढला."

"मग होय का म्हणालास? आता तुला उभं करतील, तपासतील, पेपरात येईल सगळं!"

"येऊ दे. मला आता घरी बसायचंय, चिमे."

"अरे पण लोक हसतील तुला!"

"मला हसू देत की," दादा म्हणाले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. घट्ट धरला, सोडेचनात. इतकी वर्षं बरोबर काढली, पण भाऊ भ्यालेला तिने कधी पाहिला नव्हता.

गाडी थांबली. बाहेर घर नव्हतं.

"कुठे आणलंस मला?" चिमीने खिडकीला नाक लावलं. दारावर कसलीशी पाटी होती, पण अक्षरं लागेनात.

दादांनी कोटाच्या आतल्या खिशातून तिचा चष्मा काढला. रुमालाने हळूहळू पुसला.

"सकाळी फ्रिजमध्ये होता," ते म्हणाले, आणि त्यांनी तो तिच्या डोळ्यांवर चढवला.

पाटी डॉक्टरांची होती. दादांनी डॉक्टरांकडून आणलेली फाईल सीटवरून उचलून उघडली. सगळ्यात वर घड्याळाचा कागद होता. वाकडातिकडा गोल, बाराही आकडे एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेले, आणि काटा एकही नाही.

"अरे देवा! दादा, काय करून ठेवलंस रे हे," म्हणत चिमी कागदावर वाकली.

खाली झोकात ठोकलेली सही तिची होती.