दुसऱ्यांदा कानाला हात

नरेंद्रने कानाच्या पाळीला हात लावला, आणि ध्वनियंत्रणेपाशी बसलेल्या दाढीवाल्याने आवाज वाढवला.

त्याचं काही चुकलं नाही. स्टेजवरचा माणूस कानाकडे हात नेतो तेव्हा त्याला ऐकू येत नसतं, हे त्याच्या धंद्यातलं साधं शास्त्र. नरेंद्र आपला पुण्याच्या सवयीने वागला. लहानपणी गाण्याच्या क्लासात नीलांबरीबाईंनी जे अंगवळणी पाडलं, ते परदेशात, आइंडहोवनला येऊन कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या यंत्रांत बुडाल्यावरही सुटलं नव्हतं. थोरांचं नाव घ्यायचं ते कानाला हात लावून. त्याने माइकवर जुन्या काळच्या एका आंधळ्या अमेरिकन गिटारवाल्याचं नाव घेतलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून देवाची गाणी म्हणणारा माणूस. नाव घेतलं, कानाला हात लावला. मग क्षणभर थांबून, कुणाचं नाव न घेता, पुन्हा लावला.

दाढीवाल्याने आवाज आणखी वाढवला. स्पीकर असा किंचाळला की पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंची कॉफी कपातून बशीत आली.

चर्चमागच्या त्या हॉलमध्ये दर नोव्हेंबरात एका रविवारी दुपारी जुनी अमेरिकन गाणी गिटारवर वाजवणारी ही मंडळी जमायची. नियम एकच: ज्याचं गाणं वाजवायचं, त्या जुन्या ब्लूज किंवा गॉस्पेल गिटारवाल्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्या कुणाचं नाही. हा पायंडा थेओंनी पाडलेला. थेओ म्हणजे नरेंद्रचे गुरू. बल्बच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, घासलेल्या रेकॉर्डी ऐकून ऐकून स्वतःच शिकलेले. नरेंद्र त्यांना 'सर' म्हणायचा, तेव्हा ते मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून.

दोन हजार सहाच्या त्या रविवारी थेओ पहिल्यांदाच वाजवणार नव्हते. संधिवाताने बोटं पार आखडली होती. शेवटच्या रांगेत, दारालगतच्या खुर्चीवर, ते पाहुण्यासारखे बसले होते.

"अरे, सर निघायच्या बेतात आहेत," नरेंद्र स्टेजवर चढण्याआधी त्याची बायको हिमानी त्याला म्हणाली होती. "मला म्हणाले, त्याचं ऐकतो आणि घरी जातो. पुढच्या वर्षीपासून येणारच नाहीयेत. आता माझं इथे काय काम, म्हणे."

"माहितीय मला."

"मग नाव घे ना त्यांचं! सिंपल आहे."

"नको म्हणालेत गं. स्ट्रिक्टली. त्या लोकांच्या पंगतीला माझं नाव लावलंस तर मला लाज वाटेल, म्हणाले."

नरेंद्रला गुरूचा शब्द मोडवत नव्हता, आणि त्यांना असं गुपचूप दारातून जाऊ देणंही जिवावर येत होतं. या परक्या गावात ऑफिसबाहेर त्याला कुणी आपलं म्हटलं असेल तर याच माणसाने.

स्पीकरची किंचाळी थांबली. हॉल हसला.

"ऐकू येत नाहीये का तुला?" दाढीवाल्याने काळजीने विचारलं.

"उत्तम येतंय," नरेंद्र ओशाळून म्हणाला. "आमच्याकडे थोरांचं नाव घेताना कानाला हात लावतात. आपली तेवढी लायकी नाही, चूकभूल माफ असावी, म्हणून."

"पण तू दोनदा लावलास."

"दुसरं नाव घ्यायची मला मनाई आहे."

एकेक मान वळली, दाराकडे. थेओंनीही मागे वळून पाहिलं. मागे फक्त दार होतं.

नरेंद्रने वाजवायला घेतलं. उजव्या हाताचा अंगठा उधळलेल्या घोड्यासारखा पळत सुटला होता. सुरुवातीची ओळ जेमतेम संपते तोच मागून खणखणीत आवाज आला.

"घाई! घाई करतोयस!"

थेओ उभे राहिले होते. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत ते पुढे यायला निघाले. खरं तर आता गाण्याचे शब्द सुरू व्हायला हवे होते. नरेंद्रने ते सुरू केले नाहीत. सुरुवातीचीच ओळ तो पुन्हा वाजवत राहिला, आणि पुन्हा. आजीबाईंनी पाय आवरून वाट दिली. थेओ पायरी चढून आले, नरेंद्रशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी जरा धाप ओसरू दिली. नरेंद्रकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मग त्यांनी बुटाची टाच स्टेजच्या लाकडी फळीवर आपटली. थांबून पुन्हा आपटली. संथ, घरच्या दारावर मारावी तशी थाप. नरेंद्रचा अंगठा आपोआप त्या ठोक्यावर येऊन बसला, आणि तो गाऊ लागला.

दाढीवाला उठला. एक माइक घेऊन स्टेजवर आला, आणि गुडघे टेकून त्याने तो थेओंच्या बुटापाशी ठेवला.