खुर्ची अ आणि खुर्ची ब

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत वीसपैकी वीस गुण मिळवून शीतल पहिली आली. मात्र असं काही घडलंच नाही, असं समजून पुढे वाचावं. यावलच्या तिच्या शाळेनेही तसंच समजायचं ठरवलं आहे.

वर्गात दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. एकीच्या पाठीवर खडूने 'अ' लिहिलं होतं, दुसरीच्या पाठीवर 'ब'. परीक्षा जोडीने द्यायची होती. अ विचारणार, ब सांगणार. शीतल ब वर बसली होती. अ वर रुची बसणार होती. अ वर कोणी नव्हतं.

"तुनी जोडीदारीण कोठे शे?" धुळ्याहून आलेले परीक्षक भटू सर म्हणाले.

"येतेय सर. दप्तर ठेवायला गेलीय."

दप्तर शीतलच्या पायाशीच होतं. रुचीचं. आणि रुची खिडकीबाहेर, व्हरांड्यातल्या सवलतवाल्यांच्या बाकावर बसून केळीचे वेफर्स खात होती. शीतलची नजर पडताच ती पाकिटावरचा मजकूर लक्ष देऊन वाचू लागली. मजकूर इंग्रजीत होता.

दिवाळीपासून दोघींनी तयारी केली होती. रुचीच्या घरच्या कापडदुकानात, मागच्या बाजूला, साड्यांच्या गठ्ठ्यांवर बसून. रुची कायम अ, शीतल कायम ब. रुचीला विचारायला आवडायचं, आणि आपल्याला कोणी काही विचारतं हेच शीतलला आवडायचं. पास होणाऱ्याला जळगावच्या शाळेत नववी, पूर्ण इंग्रजीतून, वसतिगृहासकट. एकाच खोलीत राहायचं ठरलं होतं. खिडकीजवळची कॉट रुचीने आधीच घेऊन टाकली होती.

घरी मराठी न बोलणाऱ्यांना या परीक्षेतून सवलत होती. इंग्रजीच्या परीक्षेत घरी मराठी असण्याचा काय संबंध, हे नियम करणाऱ्याला ठाऊक. रुचीच्या घरी मारवाडी, शीतलच्या पाड्यावर पावरी, म्हणजे दोघीही बसत होत्या नियमात. पण सवलत घ्यायची नाही, अशी दोघींनी विद्येची शपथ घेतली होती. विद्येला कोणी विचारलं नव्हतं.

वर्गशिक्षक समाधान सरांनी तर शीतलची पाठ थोपटली होती. "सवलत दुबळ्यांना. तू वाघीण आहेस." सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यावर गेल्यावर तिने हे आईला सांगितलं. मग बापाला. मग शेळ्यांनाही सांगितलं. वाघीण म्हटल्यावर शेळ्यांनी काहीच हालचाल केली नव्हती.

शीतल खिडकीशी गेली.

"रुचे, चल ना. आपला नंबर आलाय."

"मी सवलतीत आहे गं."

"आपण शपथ घेतली होती."

"समाधान सरांनी सांगितलं. मी फक्त हो म्हटलं." रुचीने गजांतून पाकीट पुढे केलं. "वेफर खातेस?"

शीतल परत आली. परीक्षकाने प्रश्न विचारायचे नाहीत, असा नियम होता. एकीनेच दोन्ही खुर्च्यांवर बसू नये, असा नियम भटू सरांना वरवर चाळून तरी सापडला नाही. शीतल अ वर जाऊन बसली.

"व्हू इज युवर बेस्ट फ्रेंड?" तिने विचारलं. उठली. ब वर बसली.

"माय बेस्ट फ्रेंड इज रुची."

पुन्हा अ. "इज शी हेल्पफुल?"

पुन्हा ब. "येस. शी नेव्हर लीव्हज मी अलोन."

उत्तर पाठ होतं. परीक्षेत ऐनवेळी उत्तर बदलायचं नसतं, हे समाधान सरांनीच शिकवलं होतं. खिडकीबाहेर वेफर्सचा आवाज थांबला होता.

भटू सरांनी वीसपैकी वीस दिले. मग नियमांचं पुस्तक नीट वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"सवलतवाल्याला जोडीदाराचे गुण. म्हणजे रुचीला वीस."

"आणि मला?"

"तू स्वतःच विचारलंस, स्वतःच सांगितलंस. म्हणजे प्रश्न तुला आधीच माहीत होते. पुस्तकात याला कॉपी म्हटलंय." त्यांचा आवाज खाली आला. "बठ्ठं बराबर शे पोरी, सगळंच. तीच तर अडचण शे."

तेवढ्यात समाधान सर आत आले. "चला, एक तरी जळगावला निघाली! प्रत्येक जोडीत एक सवलतीची, एक बोलणारी, अशीच बसवली होती मी. दोघीही सवलतीत गेल्या असत्या तर कोणाचे गुण कोणाला दिले असते?"

"म्हणून मला वाघीण म्हणालात?"

"मग काय खोटं म्हणालो?" समाधान सर म्हणाले. "पण ते कॉपीचं कलम मला खरंच माहीत नव्हतं, बेटा. तू आपल्या खुर्चीवरून उठायलाच नको होतंस."

भटू सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज कर. मी वर पाठवतो. वर काय करतात ते मलाही माहीत नाही."

अर्ज कसा लिहायचा ते मराठीच्या पुस्तकात होतं. शीतलने डाव्या कोपऱ्यात 'प्रति' लिहिलं आणि कोणाला ते सुचेना म्हणून जागा मोकळी सोडली. अक्षर मात्र सुंदर काढलं.

'विषय : झालेली चूक दुरुस्त करण्याबाबत.

महोदय, गुणांबद्दल माझी तक्रार नाही. गुण पुढच्या वर्षीही मिळवता येतील. जळगावची जागा रुचीलाच द्यावी, खिडकीजवळच्या कॉटसह. फक्त सदर मैत्रीण परीक्षेच्या आधी होती तशी करून मिळावी, ही नम्र विनंती.'