जिभेची साक्ष

सासूबाईंच्या डोळ्यांवर रुमाल बांधून झाला आणि सुनेने फोनवरचं लाल बटण दाबलं. चाळीस वर्षं साबण बनवणारी बाई डोळे बांधून आपली वडी ओळखणार, तेही सगळ्यांना थेट दिसेल असं, ही त्यांच्या साबणाची जाहिरात बघणाऱ्या ब्रँडवाल्याची कल्पना. टेबलावर पाच वड्या होत्या, एकीवरही नाव नाही. बघणारे सहा हजार. उद्यापासून साबण नव्या वेष्टनात दुकानांत जायचा होता. दोन हजार खोकी बांधून दाराशी रचून ठेवली होती.

"बघाच तुम्ही," ब्रँडवाला सुनेच्या कानात कुजबुजला, "हा व्हिडिओ घराघरांत पोचतो की नाही!"

पहिली वडी सासूबाईंनी नाकाशी नेली आणि बाजूला सारली. "नुसता वासाचा थाट. आत काही नाही." दुसरी अंगठ्याने दाबली. "ही आठ दिवसांत विरघळून जाईल." पडद्यावर खालून हसरे चेहरे भराभर वर येऊ लागले. सूनही हसली. लग्नाला सात वर्षं झाली, तरी या बाईचं तिला वाटणारं कौतुक काही सरत नव्हतं.

तिसरी वडी हातात येताच सासूबाईंचा चेहरा खुलला. "ही आमची."

ब्रँडवाल्याने आनंदाने हवेत मूठ उंचावली. त्याच्या मते काम फत्ते झालं होतं. पण जिभेला लावल्याशिवाय सासूबाई कुठल्याही वडीला पास करत नसत, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्यांनी वडीला जिभेचं टोक लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"चुरचुरतेय. कच्ची आहे ही."

सुनेने दाराकडे पाहिलं. वड्या सहा आठवडे फळीवर वाळायच्या, हा घरचा नेम. पण ब्रँडवाल्याने तारीख जाहीर करून टाकली होती, जुना माल संपला होता आणि सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी पंधरा दिवस मुलीकडे गेल्या होत्या. दोन आठवड्यांतच वड्या चांगल्या खडखडीत दिसायला लागल्या, म्हणून सुनेने त्या उतरवून बांधायला दिल्या. सासूबाई आज सकाळी आल्या त्या थेट कॅमेऱ्यापुढेच बसल्या. दाराशी रचलेल्या खोक्यांत याच वड्या होत्या.

"बंद करा," ब्रँडवाला ओठांतल्या ओठांत म्हणाला. "नेट गेलं म्हणून सांगू. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

सुनेचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

सासूबाईंचं बोलणं चालूच होतं. "ऐकताय ना सगळे? साबण आमचाच आहे, पण यातला कॉस्टिक सोडा अजून मेलेला नाही. लहान लेकराच्या अंगाला लागला तर आग होईल. तेव्हा उद्या कोणी घेऊ नका. महिन्याभराने घ्या." मग त्यांनी मान सुनेच्या दिशेने वळवली. "अगं, फळीवरून उतरवल्या कोणी या?"

सून काहीच बोलली नाही. तेवढ्यावरून सासूबाईंना काय ते कळलं. त्यांनी वडी अलगद खाली ठेवली आणि पुन्हा समोर तोंड केलं.

"मीच उतरवल्या असतील," त्या म्हणाल्या. "वय झालं आता. दिवस मोजताना चुकतं माझं. सुनेला यातलं काही माहीत नाही."

ब्रँडवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. सुनेला मात्र भरून आलं. आपल्या साबणालाही पाठीशी न घालणारी ही बाई तिला पाठीशी घालत होती.

तिने बटणावरचा अंगठा काढला आणि फोन स्वतःकडे फिरवला.

"शेवटचं तेवढं सोडून आई बोलल्या ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "वड्या मी उतरवल्या."