एका पायातली चप्पल

पिंट्यानं शेजाऱ्यांच्या चपला पुन्हा पळवल्या, तेव्हा सोसायटीनं कुत्रा हलवायला बजावलं. म्हणून ऋतिका आणि बाबा त्या दांडग्या स्पॅनियल पिल्लाला घेऊन काल्हेरच्या खाडीवर होडीवाल्या केसरीनाथकाकांकडे आले. काकांनी नाही म्हटलं, तर दुसरं घर नव्हतं. "बस, पिंट्या, बस!" ऋतिकानं विनवलं. पिंट्या तिच्याभोवती गरगरतच राहिला. "यो कुत्रा हाय का भिंगरी?" काका म्हणाले. तेवढ्यात पिंट्यानं काकांची काढून ठेवलेली चप्पल तोंडात धरली आणि पाण्यात उडी मारली. ऋतिकाचं तोंड उतरलं. पण मनसोक्त पोहून तो परतला, चप्पल काकांच्या पायाशी ठेवली आणि आपणहून बसला. काका खदखदून हसले. "पोरी, याला पानी पायजे. ऱ्हाऊ दे, शिकल हलूहलू." निघताना ऋतिकानं आपली एक चप्पल हळूच पिंट्यापुढे सरकवली. स्कूटरवर बाबांनी विचारलं, "चप्पल कुठंय?" "पिंट्यानं पळवली."